फाट्यावर आलोय

वीरधवलचा फोन आला तेव्हा आकाराम वडाप जीपला टेकून तंबाखू मळत होता. समोरचं एसटीडी बूथ वीरधवलच्या आईचं, लीलाकाकीचं. ती आतनं किंचाळली, "आकाराम, धाव रं! वीरूची जीप उसात गेलीया!"

आकाराम सरळ झाला, पण धावला नाही. त्या माणसासाठी का म्हणून धावायचं?

दोन वर्षांमागं त्याची बायको रंगूबाई ह्याच बूथसमोर बाजेवर कळा देत पडली होती. सांगलीला न्यायची होती, आणि आकारामच्या जीपचं इंजिन खोललेलं. गावातली दुसरी जीप वीरधवलची. त्याच्याकडं मोबाइल, पंचक्रोशीतला पहिला. माज काय विचारता! फोन लावला तर म्हणाला, "फाट्यावर आलोय, पोचलोच." वडापवाल्यांची ही रीतच होती. साताऱ्यात चहा ढोसत बसलेला असला तरी फाट्यावर आलोय म्हणायचं, म्हणजे माणसं दुसऱ्याच्या गाडीत चढत नाहीत. आकारामही येताजाता हेच म्हणायचा. पण अडलेल्या बाईच्या वेळेला? त्या शब्दावर आकारामनं दारात थांबलेला दुधाचा टेम्पो जाऊ दिला. वीरधवल आला तोवर रंगूबाई गार पडली होती, पोटातल्या जिवासकट. "फाट्यावरच हुतो, टायर फुटला," असं तो देवाची शपथ घेऊन म्हणाला. गावानं खरं मानलं. आकारामनं नाही. तेव्हापासून तो दातओठ खातच जगत होता.

आजकालचा फोन आकाशातल्या उपग्रहांवरून आपली जागा काढतो आणि मदतीच्या नंबराला परस्पर कळवतो. माणसाच्या जिभेला कोण विचारतंय! नव्याण्णव साली मोबाइलला नुसता आवाज होता. वीरधवलनं आधी पोलिसांचा शंभर नंबर फिरवला, तर तो भलत्याच शहरात लागला. पलीकडच्याला ना तालुका ठाऊक, ना रस्ता. मग त्यानं आईचं बूथ गाठलं.

काकी नुसती रडत होती. तिनं रिसीव्हर आकारामच्या हातात कोंबला.

"आकाराम, पाय अडकलाय रं. रगत लय चाललंय, बॅटरी बी संपत आलीया. ऐक, मी..."

"थांब. जागा मागनं. त्या दिवशी कुठं हुतास ते आधी सांग."

"आरं, मरतोय की हितं!"

"ती बी मरतच हुती. बोल."

काकीनं त्याचं मनगट धरलं. "कसलं काय इचारतुयास? कुठं पडलाय ते इचार!" आकारामनं हात झिडकारला.

पलीकडं उसाची पानं सळसळत होती. मग वीरधवल हुंदका देऊन म्हणाला, "साताऱ्यात हुतो, लॉजवर. पत्त्यांचा डाव रंगला हुता. टायरबियर काय न्हवतं. झालं समाधान?"

झालं! काळजात गारवा पसरला आकारामच्या. पण एवढ्यानं त्याचं पोट भरेना.

"आता हेच तुझ्या आईला सांग," तो म्हणाला आणि रिसीव्हर काकीच्या कानाला लावला, तिला बोलता येऊ नये म्हणून खालचं टोक मुठीत दाबून. तिच्या तोंडाकडं तो बघत राहिला. ते तोंड कसं पडत जातंय ते त्याला डोळे भरून बघायचं होतं.

काकीनं सगळं ऐकलं. तिनं त्याच्यापुढं पदर पसरला. "चुकलं माझं लेकरू. आता तरी जागा इचार, बाबा."

आकारामनं रिसीव्हर घेतला. "हां, बोल आता. कुठं हायस?"

फोन मुका होता. त्यानं पुन्हा लावला, पुन्हा लावला. मोबाइल बंद असल्याचं एक बाई गोड आवाजात सांगत राहिली.

आकारामनं रिसीव्हर टाकला. त्यानं पळत जाऊन जीप सुरू केली. काकी शेजारी चढून बसली. कराडपासून सांगलीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना डोक्याच्या वर गेलेला ऊस उभा होता.

"चल की," काकी म्हणाली. "कुठल्या अंगाला म्हणाला?"

"तेच सांगत हुता, काकी," आकाराम म्हणाला. "मीच बोलू दिलं न्हाई."