वरच्या मजल्याची सळई

मी एक जुनी, गंजलेली सळई आहे. पण मला बिचारी म्हणायचं काम नाही, मित्रांनो. नाशिकच्या सिडकोत, देवरामअण्णांच्या गच्चीवर मी बावीस वर्षं उन्हापावसात ताठ उभी आहे आणि अजून कोणाच्या बापाला भ्यायले नाही.

माझा जन्म जालन्याच्या भट्टीतला. तिथून ट्रकने इथे आले, तेव्हा अण्णांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि वर पत्रे. अंबडच्या कारखान्यात ओव्हरटाइम करकरून त्यांनी पत्रे उतरवले, कॉलम उभे केले आणि स्लॅब टाकला. आम्हा सळयांचं अंग कॉलमात गेलं, डोकी मात्र स्लॅबच्या वर मोकळी राहिली.

"राहू द्या तशाच," अण्णा मिस्त्रीला म्हणाले. "पुढं ललितचा मजला चढवायचा हाय." ललित त्यांचा मुलगा, तेव्हा तिसरीत होता. त्याची मोठी बहीण सविता विटांना पाणी मारत होती.

सुरुवातीला आमचं काय कौतुक! पाहुणा आला की अण्णा त्याला गच्चीवर आणून आम्हाला दाखवत. मग वर्षं गेली आणि आमच्याकडे बघणारी एकट्या वत्सलाबाई उरल्या, अण्णांच्या पत्नी. त्या आमच्या डोक्यांवर रिकाम्या बाटल्या उपड्या घालत, कोणाला लागू नये म्हणून, आणि कपड्यांची दोरीही आम्हालाच बांधत. भंगारवाला खालून विचारायचा, "मावशी, वरचं लोखंड द्यायचं का?" त्या म्हणायच्या, "आधी तुझा गाडा दे, मग बघू."

ललित शिकला, नोकरीला लागला आणि त्याने पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला. घेऊ दे, त्याची हौस. पण जाता जाता म्हणाला, "अण्णा, आता मजला कोणासाठी? ते बार कापून टाका. तिथूनच पाणी मुरतंय." मला असा राग आला, की काय सांगू.

कोणासाठी म्हणजे? सविता सासर सोडून, लेकीला घेऊन परत आली त्याला दोन वर्षं झाली होती. दवाखान्यात नर्स होती. मायलेकी बाहेरच्या खोलीत पडद्याआड झोपत. येणारीजाणारी प्रत्येक बाई तिला विचारायची, "किती दिवस आहेस गं?" सविता हसून पाणी द्यायची आणि मग गच्चीवर येऊन कितीतरी वेळ वाळलेले कपडे काढत बसायची.

एका रविवारी सकाळी तिने सांगून टाकलं. "अण्णा, वरचा मजला मी चढवते. माझ्या पगारातून."

"लेकीच्या पैशानं घर बांधू?" अण्णा भडकले. "लोक शेण घालतील माझ्या तोंडात." ते तडक लोखंड कापायची करवत घेऊन वर आले आणि त्यांनी पहिली मलाच धरली. करवत माझ्या अंगात शिरली. दुखलं, पण मीही तिचे दोन दात मोडले.

सविता मागोमाग आली. "कापा," ती म्हणाली. "पण त्याआधी एवढं सांगा, मी इथे पाहुणी आहे का?"

तेवढ्यात वत्सलाबाई धापा टाकत जिना चढून आल्या.

"माझी लेक पाहुणी नाय," त्या म्हणाल्या. "तिला या घरात जागा नसंल तर मलाबी नाय. मी तिच्यासंगं खोली करून राहीन. आता खुशाल कापा."

अण्णांनी करवत खाली ठेवली आणि ते जिना उतरून गेले. आठ दिवस करवत माझ्या पायाशीच पडून होती. मी अर्धवट कापलेली, तशीच उभी.

नवव्या दिवशी मिस्त्री आला. त्याला अण्णांनीच बोलावलं होतं. त्याने आम्हाला हातोडीने ठोकून पाहिलं. "गंज वरवरचा आहे," तो म्हणाला. "ही एक कापलीय, हिच्या शेजारी नवी रोवून जोड देऊ. आणि जिना बाहेरूनच ठेवायचा ना? लेकीचं बिऱ्हाड वेगळं राहील."

"बाहेरून जिना भाडेकरूला असतो," अण्णा म्हणाले. "ही घरातली हाय. तिचा जिना आतनं काढ."

सविता पाण्याच्या टाकीकडे तोंड करून रडली. मला रडता येत नाही, नाहीतर मीही रडले असते.

मित्रांनो, आज आमच्याभोवती फळ्या लागल्यात. थोड्या वेळात काँक्रीट पडेल आणि मी कोणाला दिसणार नाही, म्हणून आत्ताच सांगते. तुमच्या गच्चीवर माझ्या बहिणी उभ्या असतील तर त्यांना सिमेंटचं पाणी लावून ठेवा, गंजू देऊ नका. आणि घर वाढवाल तेव्हा घरच्या मुलीला धरून वाढवा. कोणी नाक मुरडलं तर मुरडू द्या. त्यांच्या नाकावर काही तुमचा मजला उभा राहायचा नाही.