कोपचं खरं नाव

बुद्ध शकाचं ते अडीच हजार विसावं साल. आग विझून एकच रात्र उलटली होती. क्लाँगतोईच्या बंदरामागच्या झोपडवस्तीतली सगळी घरं जळाली होती, पाण्यावरच्या फळ्यांच्या वाटाही राहिल्या नव्हत्या, आणि बुनरुआन बालवाडीची वही छातीशी धरून सरकारी ट्रकच्या मागे उभी होती. ट्रकमध्ये तिची एकवीस मुलं होती. ज्यांचे आईबाप अजून सापडले नव्हते ती.

ट्रकबरोबर आलेल्या साहेबाने नावं विचारली. ती वाचू लागली: मू, कुंग, काळा कोप, मोठा कोप, धाकटी कोप. साहेबाला हसू आलं.

"मावशी, ही पोरांची यादी आहे की मंडईची? डुक्कर, कोळंबी, तीन-तीन बेडूक. खरी नावं सांग."

खरी नावं तिला ठाऊकच नव्हती. त्या काळी वस्तीत ती कुणाला लागत नसत. मूल जन्मलं की त्याला काहीतरी ओंगळ नाव ठेवायचं, म्हणजे भुतंखेतं त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. खरं नाव भिक्खू काढून देत, चांगलं लांबलचक, संस्कृत वळणाचं. ते चिठ्ठीवर, पत्र्याच्या डब्यात पडून राही. बंदराच्या मालकीच्या जागेवरच्या घराला नंबर नव्हता, नंबर नाही म्हणून जन्मदाखला नाही, आणि दाखला नाही म्हणून शाळा नाही. म्हणूनच तर चार बायकांनी मिळून, देवळातून येणाऱ्या तांदळावर, ही बालवाडी उभी केली होती. नऊ वर्षं बुनरुआन ती चालवत होती. हाक मारली की मुलाने वळून बघावं, एवढं नाव तिला पुरत असे.

साहेबाने 'मुली सात, मुलगे चौदा' असं लिहून घेतलं आणि ट्रक सरकारी अनाथालयाकडे गेला.

धाकट्या कोपची आई वांदी तिसऱ्या दिवशी इस्पितळात सापडली. दोन्ही पाय भाजलेले. कोपला तिनेच ओल्या गोणपाटात गुंडाळून बाहेर फेकलं होतं. बुनरुआन दर रविवारी तिच्या उशाशी जाऊन बसे. पोर मजेत आहे, सरकारचा भात खाते, तू चालायला लागलीस की दोघी जाऊन आणू, असं सांगे. अनाथालयाच्या फाटकावरून, नातेवाईक नाही म्हणून, आपल्याला दोनदा परत पाठवलं, हे तिने सांगितलं नाही. आजारी बाईच्या जिवाला घोर कशाला, असं तिला वाटलं.

पाच महिन्यांनी दोघी अनाथालयात गेल्या. टेबलामागची बाई वाईट नव्हती. तिने वांदीला खुर्ची दिली. मुलं आली तेव्हा त्यांना इथेच नवी नावं दिली, असं तिने सांगितलं. त्या वयाच्या तीन मुली होत्या. त्यातल्या दोघींचे फोटो तिने पुढे ठेवले. वांदीने ते उलटेसुलटे करून पाहिले आणि मान हलवली. तिसरी गेल्या महिन्यात परदेशी जोडप्याकडे दत्तक गेली होती. तिची फाइल फक्त आईसाठीच उघडता येत होती, आणि आई ठरायला मुलीचं खरं नाव, तेही कुठेतरी लिहिलेलं, दाखवावं लागत होतं.

"मुलीचं नाव सांगा."

"कोप."

"खरं नाव, बाई."

"सुपा... सुपा-काहीतरी. मंगळवारी जन्मलेली ती. भिक्खूंनी चिठ्ठी दिली होती, ती जळाली."

"पोटच्या पोरीचं नाव माहीत नाही?"

"मला वाचता येत नाही हो. मी तिला कोपच म्हणायचे."

मग वांदी नावं घेऊ लागली. सुपात्रा, सुपापोर्न, सुपान्नी, सुपावदी. शेजाऱ्यांच्या मुलींची, कानावर पडलेली, सुचतील तशी. एकेक नाव घेऊन ती बाईच्या तोंडाकडे बघे. बुनरुआनला ते ऐकवेना.

"सुपात्राच," ती म्हणाली. "माझ्या वहीत लिहिलंय."

आयुष्यात सरकारी टेबलापुढे ती पहिल्यांदाच खोटं बोलली. बाईने हात पुढे केला. वही पिशवीतून डोकावत होती. बाईने ते पान शोधलं, तिथलं 'धाकटी कोप' एवढंच सावकाश वाचलं, मग वही मिटून दोन्ही हातांनी परत दिली.

"मावशी, मी तरी काय करू?"

तशाच त्या देवळात गेल्या. वर्षाला शंभर नावं काढतो मी, म्हातारे भिक्खू म्हणाले. त्यांना आठवलं नाही.

मोठ्या कोपला त्याच्या बापाने गालावरच्या चट्ट्यावरून ओळखून नेलं. तो पुढे बंदरावर क्रेन चालवू लागला. फाइलवाल्या बाईची बदली झाली. भिक्खू दोन वर्षांनी गेले. वस्तीला नंबर मिळाले, बालवाडीची दुमजली इमारत झाली. तिथे बुनरुआनने आणखी अकरा वर्षं काम केलं. नवं मूल आलं की ती त्याचं पूर्ण नाव तीनतीनदा वदवून घेई, आणि मुलं कंटाळत. आता ती नोंथबुरीला भाचीकडे असते.

वांदीने तिला कधी बोल लावला नाही. फक्त त्या दिवसानंतर तिने बुनरुआनला पुन्हा कधी 'मावशी' म्हटलं नाही.

वांदी बंदराच्या फाटकापाशी केळी तळून विकते. बोटीवरून परदेशी माणसांचा घोळका उतरला आणि त्यात एखादी सावळी तरुण मुलगी दिसली, की झारा तिच्या हातात तसाच राहतो. तेवढ्यात घाणा करपतो. करपलेली केळी ती गिऱ्हाइकाला देत नाही. बाजूला काढून ठेवते, आणि संध्याकाळी स्वतः खाते.