सासऱ्यानं दिलेलं कपाट

या गोष्टीवर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. बसू नये अशीच ती आहे. तुम्ही फक्त हात चालू ठेवा, कणसं सोलत राहा. ज्या अंगणात आपण हा मका घेऊन बसलोय तिथंच हे घडलं, आणि ज्याच्या घरी घडलं तो तुमच्यासमोर खाली मान घालून बसलाय. खोटं असेल तर बोलेल की!

तर याला सासरा मिळाला सुतार. माणूस गुणाचा, हातात कसब, पण द्यायची खोड अशी की घेणाऱ्याला घाम फुटावा. लेकीकडं रिकाम्या हातानं जायचं म्हणजे त्याला उघड्या अंगानं गेल्यासारखं वाटायचं. पहिल्यांदा आणला पलंग. तो इतका उंच, की जावई कूस बदलण्याआधी खाली वाकून जमीन किती लांब आहे ते बघायचा. मग आलं टेबल. घरात माणसं दोन, आणि टेबलाभोवती अख्खी आळी जेवायला बसली असती. मग बाक, मग हंडे ठेवायला घडवंची, मग पाळणा. पाळण्यात घालायला अजून कुणी नव्हतं, म्हणून बायकोनं त्यात कांदे ठेवले. जाता-येता त्यांना झोका द्यायची, ते निराळंच.

घर दोन खोल्यांचं. जावई चुलीपासून दारापर्यंत खेकड्यासारखा आडवा चालायला शिकला.

बरं, एखादी वस्तू बाहेर काढावी, तर सासरा आल्या आल्या पाणीसुद्धा न पिता आधी घरभर फेरी मारायचा. पलंग हलवून बघायचा, टेबलावर बुक्की हाणायचा.

"वापरता ना, जावईबापू?"

"वापरतो की, मामा. कालच गुडघा आपटला."

बायकोपुढं तर बोलायची सोयच नव्हती. "माझ्या बाबांच्या हातचं आहे. ते गोठ्यात गेलं तर मीही गोठ्यात जाईन," ती म्हणाली.

"अगं, गोठ्यात निदान पाय पसरता येतील," हा बोलून गेला, आणि पुढं कितीतरी दिवस याच्या ताटात करपलेलं तेवढं पडत राहिलं.

यंदा मका असा आला की ताटं कणसांच्या भारानं वाकली. मोडून आणला, अंगणात ढीग लागला, आणि नेमकं त्याच दिवशी टेकडीमागून आभाळ काळं होऊन वर सरकायला लागलं. वारा पडला. गुरं उगाचच हंबरायला लागली. मका आत गेला नाही तर कोंब फुटणार, आणि वर्षभर खायचं काय? आत न्यावा, तर आत मुंगीनं वाट विचारावी अशी दाटी. शेवटी यानं मनाचा हिय्या केला. बायको रुसली तर रुसली. आज पलंग बाहेर आणि टेबलही बाहेर!

तेवढ्यात बैलगाडी दारात उभी राहिली.

"लेकी, कपाट आणलंय गं!"

आलं आणखी एक, म्हणत हा गाडीपाशी गेला. पण गाडीतल्या फळ्यांची लांबी-रुंदी बघितली आणि जीव भांड्यात पडला. "मामा, काय कपाट आहे! पण दारातून जायचं नाही हो."

"जाईल कसं? दारापेक्षा वीतभर रुंदच धरलंय. म्हणून तर फळ्या सुट्या आणल्या. आतच जोडतो."

"आणि उद्या हलवायचं झालं तर?"

"माझं काम हलत नसतं, जावईबापू."

दुपारभर ठोकाठोक. एक खिळा नाही, सगळे सांधे एकमेकांत रुतवलेले. जावई फळी धरून उभा, एक डोळा फळीवर, दुसरा आभाळावर. कपाट जमिनीपासून आढ्यापर्यंत पोचलं, खिडकी बुजली. केलेलं काम चार पावलं मागं सरकून बघायची सासऱ्याची सवय. आत सरकायला जागा नाही, म्हणून त्यानं अंगणात जाऊन बघितलं. तिथंच त्याच्या नाकावर पहिला थेंब पडला.

"मामा, माझा मका!"

"कपाटात भर की! थेंब आत शिरला तर रंधा ओढ्यात फेकून देईन."

हे ऐकून जावयाच्या अंगात वारं शिरलं. "थेंब शिरत नाही? मग घरात काय बघायचं? पावसातच बघू!" दोघांनी कपाट उचलून अंगणात मांडलं, मका आत ओतला, आणि राखण करायला सासरा छत्री घेऊन वर चढून बसला. मग आभाळ जे फाटलं! ओढा अंगणात आला, कपाट डुलत डुलत तरंगायला लागलं, आणि सासरा रंध्यानं वल्हवत थेट आपल्या गावात, आपल्या दारात जाऊन लागला. दारात सासूबाई.

"हे काय आणलंत?"

"जावयानं भेट पाठवलीय."

सासूबाईंनी कपाटाकडं बघितलं, मग घराकडं. "आणि हे ठेवायचं कुठं?"

उभ्या जन्मात हा प्रश्न सासऱ्याच्या कानावर पहिल्यांदा पडला. जागीच शहाणा झाला तो! तेव्हापासून लेकीकडं येतो तो मोकळे हात हलवत...

"अहो, थांबा." ढिगापलीकडून शेजारच्या काकूंनी हातातलं कणीस खाली ठेवलं. "दारापेक्षा वीतभर रुंद म्हणालात ना? आतच जोडलं म्हणालात. मग ते अंगणात आलं कुठून?"

सगळ्यांचे हात थांबले. घरधन्याची मान आणखी खाली गेली.

"येतंय कशाला!" आतून घरधनिणीचा आवाज आला. "आत येऊन बघा, इथंच आहे. तुम्ही सोलताय तो मका त्यातच राहिला, कोरडा ठणठणीत. आणि हे बघा, बाबांचा निरोप आलाय. उद्या येतायत. दाणे ठेवायला पेटी करून आणतायत."

आता मात्र घरधन्यानं मान वर केली.

"रुंद किती?"