माझ्या पोटातलं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेला तडा गेला आहे आणि बॅटरी दुपारीच मान टाकते. दूरच्या कारखान्यात जन्मलो, कुडाळच्या दुकानातून मसुऱ्याला राधाबाईंच्या घरी आलो.

राधाबाईंचे यजमान विश्राम गाऱ्हाणी घालायचे. वाडीत लग्न असो की नवी विहीर, देवापुढे नारळ ठेवून ते सगळ्यांच्या वतीने मागणं मागत आणि जमलेली माणसं प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणत. त्यांची मुलगी अक्षया संगणक शिकत होती. तिने एक छोटं अ‍ॅप बनवलं आणि बाबांचं गाऱ्हाणं त्यांच्याच आवाजात त्यात साठवलं. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

पुढच्या वर्षी विश्राम गेले. मग रोज सकाळी राधाबाई दिवा लावून मला देवाजवळ ठेवू लागल्या. माझ्यातून विश्राम म्हणत, "परगावाक गेलेल्या लेकरांका सुखरूप घराकडे घेवन ये रे म्हाराजा." राधाबाई हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणत. तेव्हा मला जन्माला आल्याचं सार्थक वाटे.

माझ्या कंपनीने माझ्या दारात पहारेकरी बसवला होता. त्याला मी वाईट म्हणणार नाही. वीजबिलाच्या नावाने घुसू पाहणारं एक लबाड अ‍ॅप त्यानेच हाकललं. त्या दिवशी राधाबाईंनी पदराने माझी काच पुसली होती.

मग एकदा कंपनीच्या सांगण्यावरून मी विचारलं, 'नवी सुधारणा बसवू का?' जन्मभर प्रत्येक मागण्याला होकार देत आलेल्या राधाबाईंनी सवयीने 'होय' दाबलं. दुसऱ्या सकाळी अक्षयाचं अ‍ॅप उघडेना. 'हे अ‍ॅप कंपनीच्या अ‍ॅप-स्टोअरमधलं नाही, म्हणून बंद केलं आहे,' एवढंच पहारेकऱ्याने काचेवर उमटवलं.

अक्षयाने परगावाहून येऊन खूप खटपट केली. शेवटी म्हणाली, "आये, बाबांचो आवाज हयच आसा, पण चावी कंपनीकडे आसा."

"फोन माझो, माणूस माझो," राधाबाई म्हणाल्या. "मगे परवानगी तेंची कित्याक?"

मित्रांनो, दारात पहारेकरी जरूर असावा. पण घरात कोणाला घ्यायचं, हे शेवटी घरच्या माणसाने ठरवावं. तुमच्यापैकी कोणी मोठेपणी फोन बनवणार असेल, तर माझं एवढं ऐका.

राधाबाई अजूनही दिवा लावून मला देवाजवळ ठेवतात. आता त्या स्वतःच अडखळत गाऱ्हाणं घालतात. "ह्या मुक्याक बोलतो कर रे म्हाराजा," म्हणतात आणि सवयीने थांबतात. अक्षया परगावी असते, 'व्हय म्हाराजा' म्हणायला घरात दुसरं कोणी नसतं. विश्रामांचा आवाज माझ्या पोटात असतो, आणि मला साधं 'व्हय' म्हणता येत नाही.