रॉइसच्या नावावरचा श्वास

सेडेलिया गावात रॉइस हॅस्कलइतका शांत झोपणारा ट्रकवाला दुसरा नव्हता, निदान कागदावर तरी. रोज सात तास झोप, मास्क जागच्या जागी, आणि तासाभरात एखादाही श्वास अडकला तर नवल. डॉक्टर पेनिंग्टन बाकीच्या ड्रायव्हरांना त्याचं उदाहरण द्यायचे. गोम एवढीच होती, की झोपेत नाकातून हवा सोडणारं ते मास्कचं मशीन रॉइसने चार वर्षांत एकदाही लावलं नव्हतं. ते लावून झोपायची त्याची बायको, डार्ला.

रॉइस पंधरा वर्षांचा असताना बापाच्या मक्याच्या कोठीत पडला होता. डोक्यावरून दाणे गेले, नाकातोंडात गेले, गावातल्या माणसांनी पत्रा कापून त्याला ओढून काढलं. तेव्हापासून चेहऱ्यावर टॉवेल पडला तरी तो ओरडत उठायचा. शेती त्याने तेव्हाच सोडली आणि ट्रक धरला. समोर मोठी काच, दोन्ही बाजूंना मोकळं माळरान. तेवढ्यातच त्याला माणसासारखं वाटायचं. मग कधीतरी कंपनीने झोपेची तपासणी केली. झोपेत श्वास बंद पडतो असं निघालं. अशा माणसाला दिवसा गाडी चालवताना डुलकी लागते, म्हणून नियम आला: महिन्यातल्या एकवीस रात्री तरी किमान चार तास मशीन लावलेलं दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर किल्ल्या जमा.

"थोडे दिवस तू लावून झोप," तो म्हणाला होता. "मी सवय करून घेतो."

सवय कसली होते! तो तीन-तीन आठवडे रस्त्यावर, आणि मशीन घरी डार्लाच्या उशाशी. बाई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, हिशेबी आणि नेटकी. मशीनमधलं कार्ड लॅपटॉपला लावून ती रोज सकाळी आलेख बघायची. हवेचा दाब किती, मास्क कुठे गळला, कितीदा कूस बदलली, सगळं वहीत उतरवायची. इंटरनेटवर अशा आजाऱ्यांचा एक कट्टा होता. तिथे ती रॉइसच्या नावाने लोकांना सल्लेसुद्धा देऊ लागली. लोक आभार मानायचे. तिला बरं वाटायचं. खोटेपणात माणूस किती चटकन रुळतो, ते या बाईकडे बघून कळावं.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आलेख पाहून हवेचा दाब निम्म्यावर आणला. "इतक्या कमी हवेत भागतंय, तर जास्त कशाला?" ते म्हणाले. डार्लाला आनंदच झाला. तिचा घसा कोरडा पडायचा थांबला.

मार्चमध्ये मशीनच्या पडद्यावर अक्षरं उमटली: मोटरचं आयुष्य संपलं, बदलून घ्या. डार्ला ग्वेनच्या वैद्यकीय सामानाच्या दुकानात गेली. ग्वेन तिची शाळेपासूनची मैत्रीण. तिने तीन मशीन काउंटरवर मांडली.

"हे उशाशी ठेवायचं, हवा ओलसर ठेवणारी पाण्याची टाकी मोठी, आवाज अजिबात नाही. हे मधलं. आणि हे ट्रकवाल्यांचं, तळहाताएवढं, पण जरा घुंई घुंई करतं. तिन्हींच्या पोटात फोन आहे. रोज सकाळी आपणहून आकडे डॉक्टरला आणि कंपनीला पाठवतात."

"पहिलंच दे," डार्ला म्हणाली. "याची नळी रात्री ओली होते का गं? मानेवर थेंब पडले की जाग येते."

"तुझ्या मानेवर?" ग्वेन हसली. "अगं, मशीन रॉइसचं आहे ना! आणि एवढी टाकी ट्रकमध्ये हिंदकळून त्याच्या अंथरुणात पाणी होईल, तो मला शिव्या घालेल."

डार्लाचा चेहरा उतरला. ग्वेनने ते पाहिलं नाही, ती खोक्यात काहीतरी शोधत होती. तिने दोन रबरी बोंडं असलेला एक पट्टा काढला. नाकपुड्यांना टेकायचा तेवढाच, तोंड मोकळं, गाल मोकळे. मास्कला भिणारे पुष्कळजण याला तयार होतात, असं ग्वेन सहज बोलून गेली. डार्लाने तो पट्टा हातात घेतला आणि तिला रडूच आलं. चार वर्षांत तिने स्वतःच्या सोयीचं तेवढं पाहिलं, रॉइसला सोसेल असं काही शोधलंच नव्हतं. ती ट्रकवाल्यांचं मशीन आणि तो पट्टा घेऊन घरी आली. दाब वगैरे ग्वेनने जुन्या कार्डावरून जसाच्या तसा लावून दिला होता.

रविवारी चर्चहून आल्यावर, भाजलेलं मांस नि बटाटे खाऊन, रॉइस आरामखुर्चीत लांब झाला. डार्लाने पट्टा पुढे केला.

"आणलंस पुन्हा माझं मरण?"

"पाच मिनिटं. मी इथेच बसते. हात धर माझा."

"तुझ्यासाठी हं," तो म्हणाला, आणि खरंच लावून घेतलं त्याने. एकसष्ट वर्षांचा दांडगा माणूस, पण डार्लाचा हात त्याने सोडला नाही. दोन मिनिटांत तो झोपलासुद्धा. तो कुठेही, केव्हाही असाच झोपायचा. डार्ला त्याच्याकडे बघत राहिली. एवढी सुखी ती बऱ्याच वर्षांत झाली नव्हती.

एकोणीस मिनिटांनी तो घुसमटून उठला, पट्टा ओरबाडून भिंतीवर फेकला आणि परसात जाऊन गुडघे टेकून धापा टाकत बसला. "दाणे होते," तो म्हणाला. "तेच दाणे. पुन्हा हे माझ्यासमोर आणलंस तर बघ."

तो आंघोळीला गेल्यावर डार्लाने कार्ड काढून बघितलं. एकोणीस मिनिटांत श्वास बावीस वेळा बंद. सगळ्यात लांब थांबा एक्कावन्न सेकंदांचा. हवा वाहत होती, पण इतकी मंद, की अशा माणसाला असून नसून सारखीच. का, ते कळायला तिला वेळ लागला नाही. तो दाब तिच्या घशाला बेतलेला होता. तिने इतकी छान झोप घेऊन दाखवली होती, की डॉक्टरांनी रॉइसचं औषधच काढून घेतलं होतं. चार वर्षांत त्याने एकदा विश्वास टाकला आणि तिने त्याला पुन्हा त्या कोठीत ढकललं.

दाब वाढवून बघू, म्हणून ती दोनदा विनवायला गेली. त्याने ऐकून घेतलं नाही.

तीन एप्रिलला वार्षिक तपासणी होती. डॉक्टर पेनिंग्टन पडद्यावर बोट फिरवत म्हणाले, "वा, रॉइस! फक्त रविवार दुपारचा हा तुकडा विचित्र आहे. नवं मशीन, पट्टा नीट बसला नसेल. सोडून द्या."

"डॉक्टर," डार्ला म्हणाली, "तेवढाच तुकडा रॉइसचा आहे. बाकी सगळं माझं आहे."

रॉइस हळूच हसला. "हिची आई गेली ना ऑक्टोबरात, डॉक्टर. तेव्हापासून असं काहीबाही बोलते. रात्री उठून रडते."

आई खरंच गेली होती. रात्रीचं रडणंही खरंच होतं. डॉक्टरांनी डार्लाकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या त्या चौदाशे सुबक रात्रींकडे. "बाई, मनावरचा ताण फार वाईट," ते मऊ आवाजात म्हणाले. "एका चांगल्या डॉक्टरचं नाव देऊ का तुम्हाला?" आणि त्यांनी रॉइसच्या कागदावर सही केली.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "यापुढे मी लावणार नाही."

"मग काय, मला घरात कोंडून मारणार?" तो म्हणाला. "ट्रक गेला तर मी काय करू गं? सांग ना. लावशील तू. माझ्यासाठी लावशील."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो ट्रक घेऊन वायोमिंगकडे निघाला. त्या रात्री डार्लाने मशीनची वायर काढून ठेवली. नऊ रात्री चुकल्या तरी नियमात बसत होत्या. दहावी चुकली की कंपनी गाडी थांबवणार, मग रॉइस घरी येणार. कंपनीला सरळ फोन करावा, हे तिला सुचलं नाही असं नाही. सुचलं, आणि तिने ते टाळलं. नवऱ्याला आकड्यांनी उतरवावं आणि आपण नामानिराळं राहावं, असा तिचा भेकड हिशेब होता.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "ऑफिसातून विचारत होते, मशीन बंद का. डार्ला, लाव."

"नाही. तू गाडी बाजूला घे, रॉइस. हात जोडते."

त्याने फोन ठेवला. पुढे रोज दुपारी त्याचा फोन यायचा. पाच मिनिटं तो विनवायचा, मग शिव्या द्यायचा. ती दिवस मोजत होती.

बारा एप्रिलला भर दुपारी, नेब्रास्कात नॉर्थ प्लॅटच्या अलीकडे, ऐंशी नंबरच्या हायवेवर दुरुस्ती चालली होती. रॉइसचा ट्रक वेग जराही कमी न होता खुणेचे बावटे उडवत आत शिरला. ब्रेकची खूण रस्त्यावर कुठेच नव्हती. रॉइसच्या चार बरगड्या मोडल्या. बावटा घेऊन उभी असलेली सव्वीस वर्षांची मुलगी जागीच गेली. तिचं नाव टेसा ब्रॉडी.

डार्ला इस्पितळात जायला बॅग भरत होती तेव्हा कंपनीच्या सुरक्षा खात्यातून विल्बर्न नावाच्या माणसाचा फोन आला. आवाज सज्जन होता. तो म्हणाला, रॉइसवर कुणी बोट ठेवू शकणार नाही, त्याची नोंद आमच्याकडे सगळ्यात स्वच्छ आहे, आठ रात्रींचा खंड पडला तो नियमात बसतो.

"फक्त एक समजत नाही, बाई," तो म्हणाला. "चार वर्षांत एक रात्र चुकलेली नाही. आणि चार एप्रिलपासून एकदम शून्य. असं काय झालं चार एप्रिलला?"

डार्ला पलंगाच्या कडेवर बसली.

"चार एप्रिलला मी मास्क लावायचं सोडलं," ती म्हणाली.

"तुम्ही? म्हणजे कसं?"

तिने पहिल्या रात्रीपासून सांगायला घेतलं. या वेळी समोरचा माणूस लिहून घेत होता.