थोरल्या रांजणाचा तळ

"अजून खाली जातोय का हो?" चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

"जातुया की," रंगनाथ म्हणाला आणि त्याने दोर आणखी दोन हात सोडला. "माज्या आज्यानं सोडला, बापानं सोडला, आता मी सोडतुया. तळ म्हून काय लागत न्हाई."

दोराच्या टोकाचा दगड केव्हाच तळाला टेकला होता. बावीस हातांवर तो टेकतो, हे रंगनाथच्या तळव्याला पाठ होतं. पण चेहऱ्यावर काही दिसू न देता पुढचे वीस-पंचवीस हात तसेच पाण्यात सोडत राहायचं, ही कला त्याला बापाने शिकवली होती आणि बापापेक्षा त्याला ती जास्त साधली होती. पुण्याहून आलेली पाहुणेमंडळी काळ्या पाण्यात वाकून बघू लागली. बाईंनी हळूच नवऱ्याची बाही धरली.

निघोजच्या कुंडावर रंगनाथचा सारा जन्म गेला होता. कुकडीने दगडगोटे घुसळून घुसळून काळ्या खडकात हे रांजण, म्हणजे रांजणासारखे खोल खळगे कोरले, असं कॉलेजचे प्रोफेसर सांगत. रंगनाथ मळगंगा देवीचं नाव सांगे. पाहुण्यांना दोन्ही पटे. स्वतः तो नगरच्या पलीकडे कधी गेला नव्हता. पण लांबलांबची माणसं एसटीचे धक्के खात आपल्या दारातलं बघायला येतात, याचा त्याला कोण अभिमान! फेटा बांधल्याशिवाय तो पाहुण्यांसमोर कधी उभा राहिला नाही.

यंदा मात्र बघायला नदीच नव्हती. लागोपाठ पाऊस दगा देत गेला, आणि त्र्याहत्तरच्या वैशाखात कुकडीचं पात्र तव्यासारखं तापून पडलं होतं. पाणी होतं ते फक्त रांजणांत, आणि त्यातही थोरल्यात.

पाहुणे पांगले तसा इंजिनवाला सहादेव खडकावरून उड्या मारत आला.

"तात्या, आता हा खेळ बंद करा. सरपंच आप्पासायबांनी सांगितलंय, सोमवारी थोरल्या रांजनावर इंजिन बसवायचं. गावाला प्यायला थेंब न्हाई."

"त्याला तळ न्हाई, ठावं हाय ना?"

"मंग तर लईच बेस झालं," सहादेव हसला. "पुरंल आमाला."

रंगनाथ एरवी अशा बोलण्याला हार जाणारा नव्हता. पण आज त्याने पाठ फिरवली. तो दोर गुंडाळायला लागला, आणि साधा दोर त्याला धड गुंडाळता येईना.

त्या तळाशी एक कळशी होती. ती तिथे आहे हे रंगनाथला माहीत होतं, कारण त्यानेच ती बुडवली होती.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. थोरली लेक मनकर्णा, घरात तिला मना म्हणत, सासरहून आली होती. आठ दिवस झाले, पंधरा झाले, जायचं नाव काढीना. शेवटी एका रात्री जेवताना म्हणाली, "आबा, मला तिकडं न्हाई जायाचं. लई मारत्यात." रंगनाथने हातातला घास संपवला. मग तो म्हणाला, "संसारात हुतंच असं. उद्याच्या गाडीनं तुला घालवून येतो. परवा सहल येनार हाय, मला म्हागारी आलं पायजे." मनकर्णाने मान हलवली आणि आईची भांडी घासायला घेतली.

तांबडं फुटताना ती कळशी घेऊन बाहेर पडली. बराच वेळ झाला तरी येईना, म्हणून रंगनाथ कुंडावर गेला. थोरल्या रांजणाच्या काठावर कळशी उभी होती. कोरडी. आत तिचं मंगळसूत्र नीट वेटोळं करून ठेवलेलं.

ते बघून त्याला सगळं कळलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं. कळशीत दगड भरले, मंगळसूत्रावरच भरले, आणि ती रांजणात सोडून दिली. मग बोंब ठोकली, "धावा रं, पोरीचा पाय घसरला!" नदी तेव्हा रांजणाच्या काठाला घासून भरून वाहत होती. मनकर्णा तिसऱ्या दिवशी खाली टाकळीच्या वळणावर सापडली. गळ्यातलं आणि कळशी पाण्याने ओढून नेली, असं लोक म्हणाले.

त्याची बायको राहीबाई हिनेही तेच धरून ठेवलं होतं. दर वर्षी त्या दिवशी ती थोरल्या रांजणापाशी हळदकुंकू वाहायची आणि कोणी विचारलं तर सांगायची, "माज्या मनाचा पाय घसरला. शेवाळं हुतं." हे ऐकताना रंगनाथ दुसरीकडे बघायचा. लेक गेली ती आपल्या एका बोलण्यापायी, हे बायकोला कळलं तर तिच्या हातची भाकर आपल्या घशाखाली उतरायची नाही, एवढंच त्याला कळत होतं.

सोमवारी इंजिन बसलं. दोन दिवस ते धडधडत राहिलं आणि बायांच्या हंड्यांची रांग देवळापर्यंत गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी पाइप गाळात अडकला, इंजिन उचक्या देऊन बंद पडलं.

"कुनीतरी उतरून गाळ बाजूला केला पायजे," सहादेव म्हणाला.

"मी उतरतो," रंगनाथ लगेच म्हणाला.

"तात्या, ह्या वयात?"

"रांजन माजा हाय."

फेटा काढून त्याने देवळाच्या पायरीवर ठेवला. कमरेला दोर बांधून चौघांनी त्याला खाली सोडलं. खाली गारवा होता, गुडघाभर चिखलपाणी होतं. त्याने पाइप मोकळा केला. "झालं रं!" अशी वर हाक दिली, तशी माणसं इंजिन चालू करायच्या खटपटीला गेली. आता कळशी गाळात खोल दाबायची, की सुटलो. तो चाचपडत राहिला. हाताला गोल काठ लागला.

"घावली का?"

त्याने दचकून वर पाहिलं. आभाळाच्या गोल तुकड्यात राहीबाईचं डोकं दिसत होतं. एकटीचंच.

"काय?"

"मनाची कळशी."

तो कळशी पायांआड करून उभा राहिला.

"आदी दगडं काडा तिच्यातली," राहीबाई म्हणाली. "न्हाईतर मला वडायला जड हुईल."

तो खडकाला टेकला.

"तुला... कुनी सांगितलं?"

"कोन सांगनार? तुमच्या मागनं आल्ते मी. देवळाआड हुबी हुते."

"आन् अकरा वर्सं बोलली न्हाईस?"

"काय बोलू?" ती काठावर आणखी वाकली. "तिनं तुमाला सांगितलं, तवा मी पन हुतेच की चुलीपाशी. माज्या तोंडातनं तरी कुटं निगालं, ऱ्हाऊ द्या पोरीला म्हून? पाय घसरला म्हनून तुमी जगत हुता. म्या म्हनलं, आपुनबी तसंच म्हनावं."

त्या बावीस हात खोल अंधारात रंगनाथ लहान मुलासारखा रडला. वर राहीबाईही रडत होती. तिच्या आसवांचे थेंब खाली येत नव्हते, पण हुंदके येत होते. मग त्याने एकेक करून दगड काढले. तळाशी काळे मणी हाताला लागले. ते त्याने ओंजळीत धुतले, पुन्हा कळशीत ठेवले आणि कळशी दोराला बांधली. राहीबाईने ती एकटीने वर ओढली.

सहादेव धावत आला. "काय घावलं, काकू?"

"आमची कळशी," राहीबाईने पदराने कळशीचं तोंड झाकलं. "पोरगी घसरली तवाची."

पुढच्या वर्षी कुकडीला पाणी आलं, रांजण भरले, पाहुणेही आले. रंगनाथने फेटा सारखा केला आणि दोर सोडायला घेतला. बावीस हातांवर दगड टेकला. त्याचा हात तिथेच थांबला.

"एवढंच?" एक बाई पुढे वाकून म्हणाल्या. "आम्ही तर ऐकलं होतं, याला तळच लागत नाही."

"लागतुया, बाई," रंगनाथ म्हणाला. "जरा मागं सरून हुबं ऱ्हावा. हितं शेवाळं हाय."