वारासकट हिस्ट्री

नेत्राचं पोट वर्षभर दुखत होतं. सोलापूरच्या नव्या डॉक्टरांनी सगळी हिस्ट्री लिहून आणायला सांगितली, आणि तिचे वडील प्रणेश मास्तर खुलले. बसवकल्याणच्या शाळेत ते नेत्राच्याच वर्गाला कन्नड शिकवायचे. एक अक्षर चुकलं तरी पोरांकडून पन्नासदा लिहून घ्यायचे. त्यांनी कागद आखला आणि एकवीस वेळची पोटदुखी तारीख, वार, औषधासकट मराठीत उतरवली.

"वार कामून लिहायलाव?" बायको जयंतीनं विचारलं.

"वाराबिगर तारीख लंगडी असती," मास्तर गुरकावले.

सोलापुरात डॉक्टर कागद वाचत होते, तेव्हा मास्तर कौतुकाची वाट बघत ताठ बसले होते.

"एकवीसच्या एकवीस वेळा गुरुवार?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय. आणि रु सगळीकडं ऱ्हस्वच हाय, बघा!"

डॉक्टर नेत्राकडं वळले. "बाळ, गुरुवारी शाळेत काय असतं?"

"कन्नडचं शुद्धलेखन."

"कोण घेतं?"

नेत्रानं हळूच मास्तरांकडं पाहिलं आणि दोन्ही हातांनी पोट दाबून धरलं.

त्या दिवशी सोमवार होता.